मिठाचा सडा

इंग्लंडातल्या पहिल्याच हिवाळ्यात मी आमच्या गाडीच्या काचेवर उकळतं पाणी ओतलं. इथे राहणारे वाचक एवढ्यावरच हसतील. बाकीच्यांसाठी पुढचं सांगतो. सकाळची वेळ, समोरच्या काचेवर पांढराशुभ्र थर, ब्रॅकनेलच्या ऑफिसात नवा साहेब वाट बघतोय आणि स्वयंपाकघरात केटली उकळून तयार. मला हा उपाय इतका सरळ वाटला, की गल्लीतले लोक प्लास्टिकच्या पट्टीने काच खरवडत का उभे राहतात, याचंच आश्चर्य वाटलं. मी पाणी ओतलं. काच 'टक्' करून या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. शहाणा माणूस इथे थांबला असता. मी उरलेली अर्धी काच मोकळी करायला दुसरी केटली उकळायला आत गेलो. ती घेऊन बाहेर आलो तोवर पहिल्या केटलीचं पाणी फरशीवर पसरून गोठलं होतं, आणि गोठलेलं पाणी दिसत नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"आई गं!" म्हणत मी आडवा झालो. केटली मात्र हातात घट्ट, मिरवणुकीत धरावी तशी वर धरलेली.

"केटली सोड आधी!" कुंपणापलीकडून आवाज आला. "पडताना हात मोकळा पाहिजे माणसाचा. काय करून राहिला रे तू?"

मी पडल्यापडल्याच विचारलं, "तुम्ही मराठी?"

"मग 'आई गं' म्हणून पडलेल्या माणसाशी फ्रेंच बोलू का?"

पुरुषी ओव्हरकोट, त्याखाली सुती साडी, साडीखाली लोकरीची पँट आणि पायांत जाड बूट अशी एक ठेंगणी बाई कुंपण ओलांडून गवतावरून आमच्याकडे आली. फरशीवर तिने पाऊल ठेवलं नाही. माझा हात हातात घेतला. मला वाटलं, उठवायला घेतला. तिने माझी नखं बघितली.

"निळी पडलीत. आत जाऊन कोट घाल. मग पाहिजे तर परत येऊन पड."

या डॉक्टर इंदू वानखेडे. आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या भूलतज्ज्ञ. आम्ही त्यांना इंदूताई म्हणायचो. त्यांनी त्या दिवसापासून मला 'केटली' म्हणायला सुरुवात केली. माझं नाव सुहास आहे, हे त्यांना माहीत होतं. पण ते त्यांनी फक्त माझ्यावर फार रागावल्यावरच वापरलं.

इंदूताई मूळच्या चंद्रपूरच्या. जिथे उन्हाळ्यात कौलांवरचे पक्षीसुद्धा जागा बदलून बसतात, अशा गावातून ही मुलगी थंडीच्या देशात आली आणि आयुष्यभर लोकांना भूल देत राहिली. ऑपरेशन टेबलाच्या उशाशी बसून पेशंटचे ओठ आणि नखं बघायची सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. कुणी भेटलं की नमस्कार नंतर, आधी नखं. पोस्ट टाकायला येणारी गोरी ट्रेसीसुद्धा पत्रं देताना आपणहून हातमोजा काढून बोटं पुढे करायची. पलीकडच्या घराचा नवा मालक पहिल्याच भेटीत गोंधळून गेला. त्याला वाटलं, बाई हात बघून भविष्य सांगतात. "सांगते ना," इंदूताई म्हणाल्या, "असाच टी-शर्टवर फिरून राहिला तर न्यूमोनिया."

थंडीबद्दल त्या हवामानासारखं बोलतच नसत. थंडी ही घरात येऊन बसलेली एक मानी पाहुणी असल्यासारखं बोलायच्या. "तिचा अपमान नाही करायचा. ओले केस घेऊन बाहेर नाही जायचं, ओला मोजा पायात नाही ठेवायचा." स्वतः इथे नव्या असताना न्हाऊन तशाच बस पकडायला गेल्या होत्या, तेव्हा बसथांब्यावर वेणी काठीसारखी कडक झाली होती. "मागून एक म्हातारा आला, म्हणे एक्स्क्यूज मी, तुमच्या पाठीत काहीतरी रुतलंय."

घरात दोघं डॉक्टर. वानखेडे हाडांचे. गंमत म्हणजे दोघंही एकमेकांना डॉक्टरच म्हणायचे. आम्ही राहायला आलो तेव्हा वानखेड्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण इंदूताईंच्या बोलण्यात ते अजून वर्तमानकाळातच होते. "डॉक्टरांना वांगं चालत नाही." "डॉक्टर कोट कधी ड्रायक्लीनला देऊ देत नाहीत." तो ओव्हरकोट त्यांचाच.

इंदूताईंच्या दाराशी झाकणाची एक मोठी बादली असायची. तिच्यात जाडं, तपकिरी मीठ, बर्फावर टाकतात ते. गोठायचा अंदाज असला की भल्या सकाळी त्या बाहेर यायच्या, स्टीलच्या वाटीत मीठ घ्यायच्या आणि आधी पायरीवर, मग फरशीवर, मग फाटकापर्यंत फेकायच्या. फेकताना मनगटाला एक झटका असायचा, मीठ पंख्यासारखं पसरायचं. बघताना सारखं वाटायचं की हे आपण कुठेतरी पाहिलंय. कुठे, ते आई आली तेव्हा कळलं.

माझी आई मिरजेहून आली ती नेमकी जानेवारीत. दुसऱ्याच दिवशी सकाळी मला बाहेर पाण्याचा सपकारा ऐकू आला. मी चादर टाकून धावलो. आई शाल गुंडाळून, हातात तांब्या घेऊन आमच्या दारात सडा घालत होती. "अरे, दार कोरडं भुंडं ठेवून कसे राहता तुम्ही इतके दिवस? सडा नाही, रांगोळी नाही."

मी काही बोलायच्या आत कुंपणापलीकडून हाक आली. "सुहास!" म्हणजे मामला गंभीर. इंदूताई वाटी घेऊन आल्या, त्याही चक्क धावत. त्या माणसाला धावताना मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. त्यांनी आईच्या हातातला तांब्या काढून घेतला. काढून घेतला म्हणजे जवळजवळ ओढला.

"आई, पाणी नाही टाकायचं दारात. इथे नाही. कधीच नाही टाकायचं!"

आई दुखावली. दुखावली की ती जास्तच सभ्य होते. "बरं हो. तुमच्या देशात सडा वर्ज्य असेल तर राहिलं."

इंदूताईंच्या लक्षात आलं. त्यांनी आवाज खाली आणला, आईच्या हातात वाटी दिली. "वर्ज्य नाही बाप्पा. फक्त इथे सडा मिठाचा घालायचा. घाला. हात तोच." आईने घातला. तोच झटका, तोच पंखा. मग इंदूताईंनी घरातून साधं बारीक मीठ आणलं, आणि आईने आमच्या गोठलेल्या पायरीवर मिठाच्या चिमटीने ठिपके काढले, ठिपके जोडले. थोड्या वेळाने मिठाखालचा बर्फ वितळायला लागला आणि पांढऱ्या रेघा गेल्या, त्यांच्या जागी काळ्या ओल्या रेघांची रांगोळी उमटली. आई तिच्याकडे बघतच राहिली. पुढे मिरजेत ती सगळ्यांना सांगत असे की इंग्लंडात रांगोळी आपली आपण रंग बदलते. माझ्या गाडीची काच मीच फोडली, हे ती सांगत नसे. आई शेवटी आईच.

पण इंदूताई त्या दिवशी धावत का आल्या, ते मला कळलं नव्हतं. ते पुढच्या हिवाळ्यात माझ्या बायकोला, मेधाला कळलं.

ऐन बर्फात आमचा बॉयलर बंद पडला. दुरुस्तीवाला येईपर्यंत इंदूताईंनी आम्हाला आपल्या घरी नेलं. नेलं म्हणजे काय, दारात उभं राहून "नखं दाखवा" म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता आमच्या उशा उचलून चालू लागल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात पिठलं रटरटत होतं, भाकऱ्या होत होत्या. मी बाहेर जमलेला बर्फ फावड्याने बाजूला करायला गेलो. (दहा मिनिटांत मी त्यांच्या गुलाबाचं झाड तोडलं, पण तो वेगळा विषय.) तेव्हा मेधाने त्यांना सहज विचारलं, "ताई, तुम्ही पायरी कधी धूत कशा नाही?"

भाकरी थापता थापता इंदूताईंनी सांगितलं. वानखेडे होते तेव्हाचा असाच एक हिवाळा, दुसऱ्या दिवशी घरी पाहुणे यायचे होते. म्हणून त्यांनी संध्याकाळी पायरी स्वच्छ धुतली होती. चंद्रपूरची सवय, इंग्लंडात बाकी सगळं सुटलं, ती एवढी सुटली नव्हती. वानखेड्यांची नाइट होती. सकाळी ड्यूटी संपवून ते आले, फाटक उघडलं, दारात बायकोला बघून हात वर केला आणि गोठलेल्या पायरीवरून घसरले. डोकं दगडावर आपटलं. ज्या हॉस्पिटलातून घरी आले होते, तिथेच परत नेलं.

"हातात बॅग होती," इंदूताई मेधाला म्हणाल्या. "सोडलीच नाही. मी ओरडले, बॅग सोडा डॉक्टर."

एवढं सांगून त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. मेधाने मला हे घरी परतल्यावर सांगितलं, आणि मला माझी केटली आठवली.

वर्षं गेली. माझे केस पिकले, मी काच खरवडायला शिकलो. इंदूताई थकल्या, पण मीठ चुकलं नाही. मग गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात काहीतरी बिघडायला लागलं. त्या आमच्याकडे दूध मागायला यायच्या, आणि थोड्या वेळाने पुन्हा यायच्या. एकदा बाहेर सगळं पांढरं असताना उघड्या चपलांत आल्या. मी त्यांच्याच थाटात म्हणालो, "नखं दाखवा." त्या हसल्या नाहीत. पायांकडे बघत राहिल्या, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

त्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. चहा केला होता. मेधाही होती.

"मला माहीत आहे मला काय होऊन राहिलं," त्या म्हणाल्या. "डॉक्टर आहे मी. तुम्ही दोघं नजर चोरून बघून राहिले, तेही दिसते मला."

"ताई, रश्मीशी बोलूया का?" मेधाने विचारलं. रश्मी ही त्यांची मुलगी. लीड्सला असते, इथेच जन्मलेली. दर रविवारी येणारा तिचा फोन मी अनेकदा कानांनी ऐकला होता: "आई, तू खरा सांग, तू ठीक आहेस ना? सगळी मेडिसिन घेतलास?"

"रश्मी मला घेऊन जाईल. खोली तयार ठेवली आहे तिनं. चांगली आहे पोरगी." इंदूताईंनी कप फिरवला. "पण हे घर सोडलं तर डॉक्टर कुठे येतील?"

मेधाने माझ्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "येतील म्हणजे, आठवणीत. एवढी नाही बिघडले अजून." मग माझ्याकडे वळल्या. "केटली, आपण सौदा करू. ज्या दिवशी माझ्या पायरीवरचं मीठ चुकलं, त्या दिवशी तू रश्मीला फोन करायचा. त्याच्या आधी नाही. आणि त्याच्या नंतर एक दिवस थांबायचं नाही. पेशंटशी खोटं बोलायचं नाही."

मी हो म्हणालो. भूलतज्ज्ञाला माणूस हो म्हणतोच.

त्यानंतरच्या प्रत्येक थंड सकाळी मी चहाआधी खिडकीशी जायचो. पायरीवर तपकिरी दाणे दिसले की जीव भांड्यात पडायचा. पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर, एका सकाळी दाणे दिसले नाहीत. मी वाट बघितली. मग कोट घातला, आमच्या डब्यातलं मीठ घेतलं आणि गवतावरून, त्यांनी शिकवल्याप्रमाणे, गुपचूप जाऊन टाकून आलो. सौदा मोडला असं मला वाटलं नाही. त्या जरा उशिरा उठल्या असतील, असं मी स्वतःला सांगितलं.

हे बरेचदा झालं. एक दिवस त्यांची पायरी इतकी खारट दिसली की त्यावर लोणचं मुरलं असतं. मी मेधाला म्हणालो, "आज ताईंनी फारच टाकलंय."

मेधा भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "मी टाकलं."

"तू? कधी?"

"तू टाकायच्या आधी."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोघंही हसलो खरे, पण ते हसू लगेच विरलं. मेधाने सुरी खाली ठेवली. "सुहास, त्या जिन्यावरून पडल्या तर? गॅस चालू राहिला तर? आपण मीठ टाकून नक्की काय वाचवतोय?"

"हा हिवाळा जाऊ दे," मी म्हणालो.

हिवाळ्याने तेवढी सवड दिली नाही. जानेवारीतल्या एका सकाळी खिडकीपर्यंत जायच्या आधीच मला आवाज आला. बाहेर पाण्याचा सपकारा. वर्षांपूर्वी आईचा ऐकला होता, अगदी तोच. क्षणभर मला वाटलं, आईच आहे. मग आठवलं, आई जाऊन दोन वर्षं झाली.

इंदूताई त्यांच्या दारात उभ्या होत्या. कोट नाही. लाल काठाची कोरी साडी, केस विंचरलेले, पायांत चपला. एका हातात बादली, दुसऱ्यात तांब्या. पायरीवर, फरशीवर, फाटकापर्यंत पाणी. मनगटाला तोच झटका. पहिलं पाणी गोठून चकाकायला लागलं होतं, आणि त्या स्वतः त्या काचेच्या मधोमध उभ्या होत्या.

"ताई!"

त्यांनी वर बघितलं. इतका आनंदी चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "हळू बोल. डॉक्टर येतील आता. नाइट होती त्यांची. आले की झोपतील."

मी गवतावरून निघालो. पुढे गवत संपत होतं. त्या बादली सावरत माझ्याकडे एक पाऊल टाकायच्या बेतात होत्या, आणि माझ्या तोंडून, कसं कोण जाणे, त्यांचंच वाक्य आलं.

"बादली सोडा आधी! हात मोकळा पाहिजे माणसाचा."

त्या थबकल्या. शहाण्या मुलीसारखी बादली खाली ठेवली, तांब्या ठेवला, आणि दोन्ही हात मोकळे करून उभ्या राहिल्या. मागून मेधा आमचा मिठाचा डबा घेऊन आली. मी पुढे मीठ टाकत टाकत, गुडघ्यांवर, अगदी रांगत पायरीपर्यंत पोहोचलो. त्यांना धरून आत नेलं. मेधाने त्यांच्या अंगावर ओव्हरकोट घातला आणि पाय चोळत बसली.

बऱ्याच वेळाने इंदूताईंनी उघड्या दारातून बाहेर बघितलं. पायरी उन्हात चमकत होती. त्या बघत राहिल्या, आणि मला दिसलं की आनंद हळूहळू चेहऱ्यावरून उतरतोय.

"पाणी मी टाकलं?"

"थोडंसं," मी म्हणालो.

"सुहास."

"बादलीभर टाकलंत, ताई."

त्यांनी मान हलवली. माझा हात घेतला, नखं बघितली. बर्फावर रांगल्यामुळे ती निळीच होती. "रश्मीला फोन कर," त्या म्हणाल्या. "आत्ता. मला आठवतं आहे तोपर्यंत."

मी तिथूनच, त्यांच्यासमोर, फोन केला. पलीकडे रश्मी रडत होती आणि "थँक यू, थँक यू, तू बरा केलास" म्हणत होती. मला काही बरं केल्यासारखं वाटत नव्हतं.

ती न्यायला आली त्या दिवशी बारीक बर्फ पडत होता. सामान फार नव्हतं. रश्मीने कोट नवा आणला होता, हलका, गरम, जांभळा. इंदूताईंनी तो मांडीवर घेतला आणि अंगात जुनाच ठेवला. गाडीत बसल्यावर त्या जरा गोंधळल्यासारख्या दिसल्या. मेधाने खिडकीशी वाकून विचारलं, "ताई, ह्याला ओळखलंत ना?"

इंदूताईंनी मला न्याहाळलं. बराच वेळ लावला. मग गाडीच्या समोरच्या काचेकडे बघितलं, तिथे बर्फ साठत होता, आणि रश्मीला म्हणाल्या, "ह्याला काच पुसू देऊ नको."

रश्मीला काहीच कळलं नाही. मी हसलो. गाडी वळेपर्यंत मागच्या काचेतून तो मोठा ओव्हरकोट दिसत होता, आणि त्याच्यात कुठेतरी एक लहानसं डोकं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गोठलं होतं. मी आमच्या दारात मीठ टाकलं, डब्याचं झाकण लावलं आणि आत यायला वळलो. मेधा दारात उभी होती, शालीत हात गुंडाळून. तिची नजर पलीकडच्या पायरीवर होती.

"तिकडेही टाक," ती म्हणाली.

"तिकडे आता कोण येणार आहे?"

"टाक रे. डॉक्टर यायचेत."